सहाव्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
तापी दूरशिक्षण मंडळ,
विभागीय कार्यालय, धुळे.

अर्जदार: शालिग्राम चुडामण ढाके, अधिव्याख्याता (अर्थशास्त्र) व संमंत्रक, अभ्यासकेंद्र क्र. १४, जळगाव.

विषय: बी.ए. एप्रिल १९९३ परीक्षा, अंशलक्षी अर्थशास्त्र, बैठक क्र. ७१८, प्रश्न ४ चे उत्तर दुसऱ्या परीक्षकाकडून दि. ३० जुलैपूर्वी वाचून घेणेबाबत. आणि अर्जदारास दिलेले मानपत्र परत घेणेबाबत.

संदर्भ: १) शंका-चिठ्ठ्या, एकूण सतरा.
२) आपले मानपत्र, दि. २ मे १९९३.
३) आपल्या कार्यालयातील लिपिक श्री. वना यांनी दि. १२ रोजी खिडकीतून दिलेली सूचना: "सर, तोंडी काय सांगतस? बठ्ठं कागदवर लिखी द्या. कागद शे ते गोष्ट शे."

महोदय,

१. वरील सूचनेनुसार सर्व कागदावर लिहून देत आहे. अर्जात 'मी' लिहिण्याची रीत आहे, हे अर्जदारास माहीत आहे. परंतु पहिल्या तीन मसुद्यांत 'मी' लिहिले की वाक्य आपोआप बचावाकडे वळते, असे दिसून आले. म्हणून ह्या चौथ्या मसुद्यात त्यास 'अर्जदार' म्हटले आहे. तो कोण, हे शेवटी सहीवरून कळेलच.

२. बैठक क्र. ७१८ म्हणजे सौ. कुंदाबाई पितांबर भोळे, राहणार असोदे, तालुका जळगाव. त्या गावच्या अंगणवाडीत सेविका आहेत. बारा वर्षे चाळीस-चाळीस पोरांची नाके पुसून, वजने करून, दुपारी घरचे आटोपून त्यांनी बी.ए.चे सर्व पेपर काढले. एक राहिला. तो अर्जदाराचा. मुख्यसेविकेच्या जागेसाठी सेविकांमधून निवड व्हायची आहे. मुलाखत धुळ्यास दि. ३० जुलै रोजी आहे. पदवी पाहिजे, आणि वय पंचेचाळिसाच्या आत पाहिजे. कुंदाबाईंना ऑगस्टच्या नऊ तारखेस पंचेचाळीस पूर्ण होतात. पुढची परीक्षा डिसेंबरात आहे. त्यामुळे जे व्हायचे ते ह्या सोळा दिवसांत व्हावयास हवे.

३. त्यांना पेपरात बत्तीस गुण मिळाले. उत्तीर्ण होण्यास चाळीस लागतात. प्रश्न ४, 'मागणीची लवचिकता सोदाहरण स्पष्ट करा', सोळा गुणांचा होता. त्यात त्यांना शून्य आहे. ते शून्य अर्जदाराच्या हातचे आहे.

४. हे कसे झाले ते समजण्यासाठी मंडळाची शिकवण्याची पद्धत सांगणे भाग आहे, जरी ती आपणच आखलेली असली तरी. विद्यार्थी घरी, शिक्षक जळगावात, मध्ये कॅसेट. छापील पुस्तिकेत घटकाचे नाव आणि दोन ओळींची व्याख्या. खाली 'विवेचनासाठी कॅसेट ऐकावी.' न कळल्यास विद्यार्थ्याने शंका-चिठ्ठी भरून पाठवावी आणि संमंत्रकाने सात दिवसांत उत्तर द्यावे. पद्धत उत्तम आहे. अर्जदाराने तिच्यावर धुळ्यास भाषणही दिले आहे (परिच्छेद ९ पाहावा. तो वाचताना अर्जदारास लाज वाटते, आपणास काय वाटेल ते वाटो).

४-अ. कॅसेट अर्जदाराने ऑक्टोबर १९९१ मध्ये राहत्या घरी भरल्या, कारण केंद्रात पंख्याचा आवाज येई. एकूण बारा. सहाव्या कॅसेटची पहिली बाजू झाली, ती उलटून लावली, लाल बटण दाबले, आणि तेवढ्यात दाराशी कॉलेजचे ग्रंथपाल आले. म्हणाले, "ढाके, चला, चहा मारून येऊ." अर्जदार गेला. बटण दाबलेलेच राहिले. तासाभराने परतला तेव्हा टेप शेवटापर्यंत जाऊन थांबलेली होती. अर्जदाराने वहीत 'घटक ६ - पूर्ण' असे लिहिले.

ह्यात लबाडी नव्हती, आणि हेच सांगायला जास्त अवघड आहे. हा पाठ अर्जदार एकोणीस वर्षे दर ऑक्टोबरात देत आला आहे. तेच शब्द, तोच विनोद, त्याच ठिकाणी खडू उचलणे. तो पाठ आज दिला, काल दिला की गेल्या वर्षी दिला, ह्यांत त्यास आतून काही फरकच जाणवत नसे. त्यास मनापासून वाटले की पाठ दिलेला आहे. तपासून पाहिले नाही.

५. (हा परिच्छेद काढला आहे. त्यात अर्जदाराच्या रक्तदाबाची आणि त्या महिन्यातील इतर कामांची माहिती होती.)

६. कॅसेटच्या बावीस प्रती निघाल्या आणि बावीस विद्यार्थ्यांस दिल्या गेल्या. एकाचीही तक्रार आली नाही, म्हणून अर्जदार निर्धास्त होता. आता चौकशी करता कळते की एकवीस जणांनी बाजारातून गाईड आणले आणि कॅसेटवर सिनेमाची गाणी भरून घेतली. सांगितले तसे एकट्या कुंदाबाईंनी केले. त्यांनी कॅसेट ऐकली.

७. शंका-चिठ्ठ्यांबाबत. सात दिवसांत उत्तर देण्याच्या नियमाने अर्जदारास सुरुवातीस फार धास्ती वाटे. मग त्याने फुले मार्केटजवळ एक रबरी शिक्का करून घेतला: 'कॅसेट पुन्हा ऐकावी. - संमंत्रक.' रविवारी क्रिकेटचे धावते वर्णन लावून तो बसे, उजव्या हाताने चिठ्ठीवर आणि उत्तराच्या कार्डावर शिक्का मारी आणि डाव्या हाताने चिठ्ठी सरकवी. ह्या रीतीने दोन वर्षांत शंभर टक्के चिठ्ठ्यांस मुदतीत उत्तर गेले. विभागात असे दुसरे केंद्र नव्हते. संदर्भ २ मधील मानपत्र त्यासाठीच आहे. त्यावर 'परिणामकारक दूर-अध्यापनाबद्दल' असे सोनेरी अक्षरांत आहे.

कुंदाबाईंच्या सतरा चिठ्ठ्या ह्या शंभर टक्क्यांत मोडतात.

७-अ (७ मध्ये लिहायचे टाळले होते ते). चिठ्ठी वाचली नाही, एवढेच असते तर कदाचित निभावले असते. पण कुंदाबाई गेल्या जानेवारीत संपर्क सत्रास समक्ष आल्या होत्या. मागच्या बाकावरून उठून त्यांनी विचारले, "सर, सहा नंबरच्या कॅसेटमधी, दुसऱ्या बाजूनं, ते वांग्याचं जे आहे, ते आपल्या विषयातलंच आहे ना?" वर्गातील मुले हसली. अर्जदारास प्रश्नाचा काहीच बोध झाला नाही. अशा वेळी 'मला कळले नाही' म्हणण्याची त्यास सवय नाही. तो म्हणाला, "हो, हो. उदाहरण आहे ते. पुन्हा ऐका, म्हणजे कळेल." त्या बसल्या. वहीत काहीतरी लिहून घेतले. 'उदाहरण आहे' असेच लिहिले असणार.

८. एप्रिल-मेमध्ये आपल्या कार्यालयात उत्तरपत्रिका तपासण्याचे शिबिर झाले. बैठक क्र. ७१८ ची उत्तरपत्रिका अर्जदाराकडे आली. नाव झाकलेले असते, हे खरे. प्रश्न ४ च्या उत्तरात लिहिले होते की एक बाई दारावर वांगी घेतात, भाव सहा ऐकून त्या वांग्यांऐवजी गिलकी मागतात, भाव पाचावर आला की दोन किलो घेतात, म्हणून वांग्याची मागणी लवचिक आहे. पण मीठ महागले म्हणून कोणी अळणी खात नाही, म्हणून मिठाची मागणी ताठर आहे. शेवटी लिहिले होते, 'बाई म्हणतात त्याप्रमाणे, ज्याच्यावाचून अडत नाही त्याचा भाव वाढला की माणूस त्याच्याकडे पाठ फिरवतो.'

अर्जदाराने लाल शाईने 'विषयांतर' असे लिहून शून्य दिले. त्यानंतर चहाच्या सुटीत हे उत्तर सहकाऱ्यांस मोठ्याने वाचून दाखवले. बाईचा आवाज काढून दाखवला. सगळे हसले. सर्वांत जास्त अर्जदार हसला. एका वृद्ध परीक्षकांनी तेवढे म्हटले, "अहो, पण चूक काय आहे ह्यात?" तेही विनोद करत आहेत असे समजून सगळे पुन्हा हसले.

अर्जदाराने स्वतःच्या पत्नीची वाक्ये तिचा आवाज काढून वाचली, आणि त्यास ओळखता आली नाहीत.

९. अर्जदाराची पत्नी सौ. लताबाई ह्यांच्या भजनी मंडळास दि. ३ जुलै रोजी एक कॅसेट हवी होती. विद्यार्थ्यांकडून परत आलेल्यांपैकी वरची त्यांनी घेतली. डबीतल्या नोंद-कार्डावर 'घटक ६', खाली नाव कुं. पि. भोळे. पुसण्याआधी आत काय आहे ते पाहावे म्हणून लावली, आणि स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, इकडे या! ह्यात मी आहे! मी आणि ती नशिराबादची झुंबरबाई!" झुंबरबाई म्हणजे अर्जदाराच्या दारावर पाटीतून भाजी घेऊन येणाऱ्या बाई. लताबाई हसत होत्या. अर्जदार दारात उभा राहून ऐकत होता. वांगी झाली, गिलकी झाली, बोलणे मिठापाशी आले, तेव्हा त्यास शिबिरातील उत्तर शब्दशः आठवले.

लताबाईंनी विचारले, "पुसू ना?"

अर्जदार म्हणाला, "पूस."

त्यावर आता भजने आहेत. इतर एकवीस प्रतींवर सिनेमाची गाणी आहेत, हे वर आलेच आहे. मूळ कॅसेट मंडळाच्या गोदामात आहे असे कळते, पण ती 'सापडत नाही' असे उत्तर मिळाले. केंद्रप्रमुखांना अर्जदाराने खाजगीत सांगितले तेव्हा ते म्हणाले, "पुरावा आहे का कुठे? नाही ना? मग कशाला खाजवून खरूज काढता!" अर्जदारास हे ऐकून हायसे वाटले. तेही येथे लिहिणे आवश्यक आहे.

पुसल्यानंतर बरोबर सात दिवसांनी, दि. १० जुलै रोजी, अर्जदाराने आपल्याच सभागृहात नवीन चाळीस संमंत्रकांपुढे 'कॉलेजात न येणाऱ्या विद्यार्थ्यास परिणामकारक कसे शिकवावे' ह्या विषयावर सव्वा तास भाषण दिले. आपण अध्यक्षस्थानी होतात. अर्जदाराने सांगितले की आवाज हाच दूरच्या विद्यार्थ्याचा वर्ग असतो, प्रत्येक शंका ही आपल्या शिकवण्याची तपासणी असते, वगैरे. टाळ्या झाल्या. मग पाचोऱ्याचे एक तरुण संमंत्रक, श्री. जीवराम, उठले आणि सरळपणे म्हणाले, "सर, ते सगळं ठीक. पण चिठ्ठीत विद्यार्थी नेमकं विचारतात तरी काय? एखादी सांगा ना, म्हणजे आम्हाला अंदाज येईल."

अर्जदारास एकही सांगता आली नाही. 'वेळेअभावी' असे म्हणून तो खाली बसला. आपणास ते नम्रतेचे वाटले, आपण तसे आभारात बोललात.

१०. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, केंद्राचे कपाट उघडून अर्जदाराने सतरा चिठ्ठ्या वाचल्या. पुढे काही उतारे देत आहे. प्रत्येकीखाली निळा शिक्का आहे.

चिठ्ठी १: 'दुसऱ्या बाजूला सरांचा आवाज नाही. दोन बाया बोलतात. बरोबर आहे का?'

चिठ्ठी ४: 'सर, पुन्हा ऐकले. आता वाटते की रेडिओवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात संवाद करून खतांची माहिती देतात, तसे आपण केले आहे. फार छान कल्पना आहे. पण शेवटी कोणी समजावून सांगत नाही, ते आपणच समजायचे का?'

चिठ्ठी ९: 'मिठाच्या बाबतीत लवचिकता नाही, असे समजावे का?'

चिठ्ठी १२: 'मध्येच कुकरच्या चार शिट्ट्या आहेत. त्यांचा अर्थ लागला नाही.'

चिठ्ठी १४: 'भाव पाच झाल्यावर बाई दोन किलो घेतात, पण तेव्हा शेजारीणही आलेली आहे आणि तिच्यासाठीही घेतात. तर मागणी वाढली ती भाव उतरला म्हणून, का घेणारी माणसे वाढली म्हणून? ह्या दोन्ही गोष्टी एकच का वेगळ्या?'

चिठ्ठी १७: 'सर, माझी समज कमी पडते. तसदीबद्दल माफी असावी.'

महोदय, चौदावी चिठ्ठी अर्जदाराने एम.ए.च्या वर्गात वाचून दाखवावी अशी आहे. एकोणीस वर्षांत त्यास हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. वर्गात तो विचारायला जागाच नसते. अर्जदार मध्ये थांबत नाही.

११. त्याच दिवशी अर्जदार स्कूटरवर असोद्यास गेला. कुंदाबाईंच्या सासूबाई धुरपदाबाई ओट्यावर तुरीची डाळ निवडत होत्या. सर आले म्हटल्यावर पितांबरभाऊंनी खुर्ची आणली, तिच्यावर टॉवेल टाकला. अर्जदार बसला नाही. उभ्यानेच सांगितले: तो पाठ नव्हता. चुकून टेप चालू राहिली. त्या बाई म्हणजे आमच्या घरच्या. उत्तरपत्रिका मीच तपासली. कॅसेट मी पुसू दिली.

पहिल्या धुरपदाबाई बोलल्या. "ओ माय! हिनं ते टेप लावू लावू आमच्या घरादाराचे वांगे पाठ करून घेतले. नातू शाळेत पाढे म्हने अन् घरी येऊन वांगे म्हने. अन् आता मास्तर म्हन्ता तो पाठच नव्हता!"

पितांबरभाऊ जमिनीकडे पाहत म्हणाले, "आमचे वडील, आबा, गेले त्या आठवड्यातही तिनं ते ऐकलं, सर. कानाशी धरून. घरात दुखवटा, लोक येतील म्हणून."

कुंदाबाईंनी हातातले भांडे खाली ठेवले. मग विचारले, "मंग सर, मिठाचं खोटं का?"

"नाही. मिठाचं बरोबर आहे."

"वांग्याचं?"

"तेही बरोबर आहे."

"तं मंग शून्य काहून?"

ह्याचे उत्तर अर्जदारास येथेही देता येत नाही.

"सतरा वेळा चिठ्ठी धाडली मी," त्या म्हणाल्या. "एखांदी तरी वाचली व्हती का?"

"नाही."

"मले वाटे, सर वाचून दमले असतीन अन् रागानं शिक्का मारत असतीन." मग भांडे बाजूला सरकवून, "रागावले असते तरी चाललं असतं."

पुनर्तपासणीचा अर्ज का केला नाही, असे अर्जदाराने विचारले. ती मुदत ३० जूनला संपली होती. त्या म्हणाल्या, "कशाले? मले वाटलं, माहंच चुकलं. सर थोडीच चुकतीन?"

हे वाक्य त्यांनी टोमणा म्हणून म्हटले नाही. टोमणा असता तर अर्जदारास घरी जाता आले असते.

१२. पुरावा नाही, असे अर्जदाराने सांगितल्यावर कुंदाबाई आत गेल्या, वही आणि पेन घेऊन आल्या, आणि ती अर्जदाराच्या हातात दिली. म्हणाल्या, "तुमी पुसलं. मी म्हन्ते. लिहा." आणि ओट्यावर मांडी घालून, डोळे मिटून, अठ्ठावीस मिनिटांची ती बाजू त्यांनी पहिल्या आवाजापासून सांगितली. सायकलची घंटी कोठे, कुकर कोठे, कोण खोकले, सर्व. लताबाईंना अर्जदाराने घरी येऊन ते दाखवले. त्यांनी एका ठिकाणीही दुरुस्ती केली नाही. महत्त्वाचा भाग देत आहे:

झुंबरबाई: वांगे घ्या वो ताई, भरताचे वांगे!
बाई: कसे दिले?
झुंबरबाई: सहा.
बाई: अगं बाई! परवा चार होते ना?
झुंबरबाई: परवाचे परवा गेले. आज मंडीतच माल नही.
बाई: मग राहू दे. गिलके दे अर्धा किलो.
झुंबरबाई: गिलक्याचं भरीत करशीन का?
बाई: भाजी करीन. वांग्यावाचून काय अडलंय?
झुंबरबाई: अन् मीठ महागलं तं काय अळणी खाशीन?
बाई: मिठाची गोष्ट वेगळी. मीठ लागतंच. ज्याच्यावाचून अडत नाही त्याचा भाव वाढला की माणूस तिकडे पाठ फिरवतो, झुंबरबाई.
(कुकर, चार शिट्ट्या.)
झुंबरबाई: घ्या चला, पाचनं. सर नही का घरी? त्यायले इचारा भाव वाजवी हाये का नही.
बाई: त्यांना कुठं कशाचा भाव माहीत असतो! कॉलेजात तेच शिकवतात म्हणे.
(दोघी हसतात. शेजारीण येते.)
बाई: पाचनं असेल तर दोन किलो दे. एक हिच्यासाठी.

कुंदाबाईंनी डोळे उघडून विचारले की सरांवरचा तो विनोद त्यांनी उत्तरात लिहिला नाही, तर तो लिहायला हवा होता का. अर्जदाराने नको म्हणून सांगितले.

१३. मग त्यांनी विचारले की खरा पाठ काय होता. अर्जदाराने त्याच वहीत, खुर्चीवर न बसता, ओट्याच्या कडेला बसून सूत्र मांडले, आकृती काढली. त्यांनी मध्ये अकरा वेळा थांबवले. चौदाव्या चिठ्ठीतील प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला. अर्जदाराने तोंड उघडले, आणि ठरलेले शब्द आले ते प्रश्नाला लागू पडेनात. "थांबा, मला विचार करू द्या," असे म्हणून तो गप्प राहिला. पितांबरभाऊंना वाटले, सरांना चक्कर आली. त्यांनी पाणी आणले. पुढे दोघांनी मिळून ते वांग्यांवरच सोडवले. भाव उतरल्याने वाढलेली मागणी एक, घेणारी माणसे वाढल्याने वाढलेली दुसरी. पहिली त्याच रेषेवर दाखवायची, दुसरीसाठी नवी रेषा काढावी लागते. कुंदाबाई म्हणाल्या, "मंग हे मी चौदाव्या चिठ्ठीतच म्हन्लं व्हतं."

होय. म्हटले होते.

१४. आता विनंतीबाबत. अर्जदाराने तिसऱ्या मसुद्यात असे लिहिले होते की 'सदर विद्यार्थिनी गरीब, ग्रामीण भागातील, संसार सांभाळून शिकणारी असून तिच्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन वाढीव गुण मिळावेत.' मसुदा वाचून दाखवण्यासाठी अर्जदार काल पुन्हा असोद्यास गेला. कुंदाबाईंनी पेन मागून घेतले आणि 'गरीब' पासून 'सहानुभूतीपूर्वक' पर्यंत आडवी रेघ मारली. म्हणाल्या, "गरीब असल्यानं मार्क वाढतात का, सर? तुमी चुकले म्हनूनही मले मार्क नको. उत्तर बरोबर असंन तं द्या. नसंन तं शून्य राहू द्या." त्यांचे म्हणणे योग्य आहे. म्हणून सहानुभूतीची मागणी ह्या अर्जात मुद्दाम केलेली नाही.

विनंती एवढीच आहे:

बैठक क्र. ७१८ चे प्रश्न ४ चे उत्तर अर्जदारास न ओळखणाऱ्या, शक्यतो जळगावबाहेरच्या परीक्षकाकडे द्यावे. अर्जदाराची लाल शाई कागद लावून झाकावी. त्या परीक्षकास हा अर्ज दाखवू नये. तो वाचून मन वळू शकते, एकीकडे किंवा दुसरीकडे. केवळ उत्तर द्यावे. तो जे गुण देईल ते अंतिम मानून दि. ३० जुलैपूर्वी गुणपत्रक द्यावे. मुदत उलटल्याचे कारण दाखवून हा अर्ज फेटाळला जाईल अशी भीती वाटते, म्हणून लिहितो की मुदत विद्यार्थ्यासाठी आहे. परीक्षकाने स्वतःची चूक कबूल करण्यास नियमावलीत मुदत नाही. अर्जदाराने नियमावली दोनदा पाहिली. तसे कलमच नाही. कोणी कबूल करील असे धरलेले नाही.

ह्यानंतर अर्जदारावर जी कारवाई करावयाची ती करावी. मात्र तिच्यासाठी ह्या कामास विलंब करू नये. आधी उत्तर, मग कारवाई.

१५. (जागा मोकळी सोडली आहे. येथे माफीबद्दल लिहायचे होते. माफी आपणाकडे मागण्याची नाही.)

आपला, आणि बैठक क्र. ७१८ चा, अपराधी,

(सही)
शा. चु. ढाके
जळगाव, दि. १४ जुलै १९९३

सोबत:
१) शंका-चिठ्ठ्या सतरा, मूळ. परत मिळाव्यात, त्या ज्यांच्या आहेत त्यांनी मागितल्या आहेत.
२) सहाव्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचा मजकूर, कुंदाबाईंनी सांगितल्याप्रमाणे, पाने नऊ.
३) सौ. लताबाई ढाके ह्यांचा लेखी दुजोरा: 'हे माझेच बोलणे आहे. वांगी त्या दिवशी खरोखरच महाग होती.'
४) मानपत्र, फ्रेमसह. काच तडकू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळले आहे.

विद्यार्थिनीची संमतीदर्शक सही: घेण्याचा प्रयत्न केला. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, घडी घालून परत दिला आणि सही करण्यास नकार दिला. कारण त्यांच्याच शब्दांत नोंदवत आहे: "हा अर्ज तुमचा हाये, सर. मले जे म्हनायचं व्हतं, ते मी पेपरात लिहेल हाये. तेच वाचा म्हना."